एकट्याची तालीम

कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या तालमीत, गंगावेशीत म्हणा किंवा मोतीबागेत म्हणा, भल्या पहाटे पाऊल टाकले तर प्रथम कानावर पडतो तो श्वासांचा आवाज. पाठोपाठ ध्यानात येते की येथे कोणीच एकटा नाही. बैठका मारणाऱ्याच्या शेजारी दुसरा बैठका मारीत असतो, मोजणारा मोजीत असतो, आणि हौद्याच्या कडेला उभे असलेले वस्ताद कोणाकडेही विशेष न पाहता सर्वांना पाहत असतात. एखाद्याची बैठक चार बोटे उथळ झाली की ते त्याला नावाने हाक मारतात. बोलणे तेवढेच. पण त्या एका हाकेने पुढच्या पन्नास बैठका पुऱ्या खाली जातात.

श्रोतेहो, ज्याच्या वाट्याला ही हाक नाही अशा माणसाविषयी आज मला बोलावयाचे आहे. तो कोठेही असेल. नोकरीच्या बदल्यांमुळे मराठी मुलखापासून हजार मैलांवर पडलेला असेल, किंवा पुण्या-मुंबईतच तिसऱ्या मजल्यावर राहत असेल. त्याचे वय चाळिशीच्या पुढे आहे, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात, आणि व्यायामासाठी त्याच्याजवळ आहे ती दहा फूट लांब-रुंद खोली, एक लोखंडी खाट, एक खुर्ची आणि सकाळची अर्धी घटका. त्याला पायांचे स्नायू कमवावयाचे आहेत. नुसती हालचाल ठेवावयाची नाही, फिरावयास जाऊन समाधान मानावयाचे नाही, तर मांडीत आणि पोटरीत आज नाही इतके मांस आणावयाचे आहे. हे घरी, एकट्याने आणि लोखंडी वजनांवाचून साधेल काय? साधेल, असे माझे उत्तर आहे. मात्र तालमीने त्याला जे दोन पदार्थ पुरविले असते ते त्याने स्वतः निर्माण केले पाहिजेत. त्यातला एक आहे भार, आणि दुसरा आहे साक्षीदार.

पण आधी पायच का, हे सांगितले पाहिजे. व्यायामाची हौस बहुधा आरशातून जन्मते, आणि आरसा भिंतीवर छातीच्या उंचीवर टांगलेला असतो. म्हणून दंड आणि छाती यांचे कौतुक होते व पाय विजारीत झाकले जातात. निसर्गाचा क्रम मात्र उलटा आहे. वाढत्या वयाबरोबर स्नायू झिजतात ही गोष्ट सर्वज्ञात आहे. परंतु ही झीज हातांपेक्षा पायांत अधिक होते, आणि त्यातही चपळ व जोरकस हालचाल करणारे तंतू आधी बारीक होतात, हे तितकेसे माहीत नसते. माणूस म्हातारपणी जड वस्तू उचलू शकला नाही तर कोणी तरी उचलून देतो. जमिनीवरून स्वतःला उचलता आले नाही तर त्याचे घर त्याच्याभोवती लहान होऊ लागते. आधी पाटावरचे जेवण सुटते, मग देवापुढचे बसणे सुटते, मग जिना सुटतो. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजारांवर माणसांना जमिनीवर बसावयास व पुन्हा उठावयास सांगितले, आणि हात, गुडघा यांचा आधार किती घ्यावा लागतो याचे गुण मांडले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात असे दिसले की ज्यांना फार आधार लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय रीतीने अधिक होते. आधार घेतल्याने कोणी मरत नाही, हे उघड आहे. पण आपल्या आजी-आजोबांनी दिवसातून वीस वेळा सहज दिलेली ही परीक्षा खुर्ची, पलंग आणि कमोड यांनी आपल्याकडून काढून घेतली, आणि आपण नापास होऊ लागल्याचे आपल्याला कळतही नाही.

मला स्वतःला ते कळले सत्यनारायणाच्या एका पूजेस. तीर्थप्रसाद झाला, मंडळी उठली, आणि माझ्या वयाच्या चौघांपैकी तिघांनी उठताना भिंत, खांब किंवा शेजाऱ्याचा खांदा धरला. त्या तिघांत मी होतो. चौथा गृहस्थ सुतारकाम करणारा होता.

आता भाराकडे वळू. पायांचा व्यायाम म्हटला की मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो बैठकांचा, आणि बैठका म्हटल्या की पाठोपाठ येतो तो आकडा. अमका पाचशे मारतो, तमका हजार मारतो. गामा पहिलवानाच्या नावावर तर दिवसाला हजारो बैठका सांगतात. आकड्यांची ही मोहिनी मी समजू शकतो, कारण आमचे सारे प्रशासन तिच्याच आधीन आहे. पण स्नायूला आकडा कळत नाही. त्याला कळते ती ओढ. जो भार तो सहज पेलतो तो हजार वेळा पेलला तर त्याचा दम वाढतो, रक्ताचा पुरवठा सुधारतो, चिकाटी येते. परंतु अधिक जाड होण्याचे त्याला प्रयोजन राहत नाही. ज्याला आज पन्नास बैठका जड जातात त्याची मांडी पन्नासांनी भरेल. ज्याला दोनशे हलक्या झाल्या त्याने तीनशेवर जाऊन मांडीची अपेक्षा करावी, यात कष्ट पुष्कळ आणि मिळकत थोडी.

जुन्या मल्लांना हे उमगले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात एक वाटोळे, मधोमध पोकळ असे वजन ठेवलेले आहे. त्यास हसली म्हणतात. गळ्यात घालून गामा बैठका मारीत असे ते हे कडे. त्याचे वजन सुमारे ९५ किलो. हजारांचा आकडा लोकांच्या स्मरणात राहिला आणि गळ्यातले कडे संग्रहालयात राहिले, असे म्हणावेसे वाटते.

भाराचे हे तत्त्व वैद्यकशास्त्राच्या मांडणीत आले तेही पायांच्याच निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघा दुखावलेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. त्या काळची रीत अशी की दुबळ्या मांडीला अगदी हलके वजन द्यावे आणि ते पुष्कळ वेळा उचलावयास लावावे. थॉमस डीलॉर्म नावाच्या तरुण लष्करी डॉक्टराने ती रीत उलटविली. त्याने पायात लोखंडी तळाचा बूट बांधला, रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतके वजन त्यावर चढविले, आणि ताकद वाढेल तसे वजनही वाढवीत नेले. १९४५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा डीलॉर्म लहानपणी सांधेज्वराने अंथरुणाला खिळलेला होता आणि पुढे वजने उचलून सशक्त झाला होता. म्हणजे रुग्णालयात त्याने जे केले त्याचा पहिला प्रयोग त्याच्या स्वतःच्याच देहावर होऊन गेला होता.

येथे एकट्या माणसाचा प्रश्न उभा राहतो. लोखंड नसेल तर काय? या प्रश्नाचे उत्तर कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये दिले, आणि ते मला फार दिलासा देणारे वाटते. तेथे तरुणांच्या एकेका पायाला वेगवेगळा भार देण्यात आला. काही पायांना कमाल शक्तीच्या ८० टक्के, तर काहींना अवघे ३० टक्के. अट एकच होती : पाय पुन्हा उचलता येईनासा होईपर्यंत थांबावयाचे नाही. दहा आठवड्यांनी मोजणी केली तेव्हा तितक्याच फेऱ्या केलेल्या दोन्ही प्रकारच्या मांड्यांची वाढ जवळजवळ सारखी भरली. अवजड भार उचलण्याची ताकद जड वजनाने अधिक आली, हे खरे. पण मांस दोघांनाही चढले. तात्पर्य, हलका भार चालतो, पण हलका प्रयत्न चालत नाही. सरळ बैठकांचा आकडा दीडशेवर गेल्यावर जो थांबतो तो बहुधा कंटाळून थांबतो, स्नायू थकला म्हणून नव्हे. म्हणून भार इतका असावा की दहा ते तीस वेळांतच पाय बोलू लागतील.

तो आणावयाचा कोठून? सर्वांत मोठे वजन आपण जन्मभर बरोबर वागवीतच असतो. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पायांवर बैठक मारतो तेव्हा गुडघ्याखालचा भाग सोडून साठेक किलो वर उचलले जातात, आणि ते दोन पायांत वाटले जातात, प्रत्येकी तीस. तोच माणूस एका पायावर उठला तर हा आकडा दुपटीहून अधिक होतो. घरात कोणतीही वस्तू न आणता भार दुप्पट करण्याची ही युक्ती आहे. अर्थात पहिल्या दिवशी एका पायावर बैठक कोणालाही जमत नाही, आणि जमवूही नये. मधल्या पायऱ्या आहेत. प्रथम दोन्ही पायांची बैठक, पण संथ : खाली जाताना मनात चार अंक मोजावे, तळाशी क्षणभर थांबावे, मग उठावे. झोका घेऊन मारलेल्या पन्नास बैठकांची जागा अशा वीस बैठका घेतात. त्या पंचवीसच्या पुढे जाऊ लागल्या की मागचे पाऊल खाटेच्या कडेवर टेकवून पुढच्या पायावर बैठक मारावी. भाराचा मोठा वाटा पुढच्या पायावर येतो, आणि तोल सांभाळण्यास दाराच्या चौकटीवर दोन बोटे पुरतात. त्यानंतर खुर्ची. सुमारे ४० सेंटिमीटर उंचीच्या आसनावरून, हातांचा आधार न घेता, एका पायावर उठता येते का, ही जपानमध्ये प्रौढांच्या पायांची तपासणी करण्याची एक रूढ रीत आहे. कसल्याही पायास हे जमेना तर पाय दुबळे होऊ लागले असे तेथील अस्थिवैद्य मानतात. प्रारंभी आसनावर जाड ग्रंथ रचून ते उंच करावे आणि दर पंधरवड्यास एक ग्रंथ काढून घ्यावा. इतके साधल्यावर पाठीवरच्या पिशवीत वजन घालावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा आहे. माझ्या पिशवीत मी वेतन आयोगाचे जुने अहवाल घालतो. कोणाच्या तरी अंगी लागण्याचा योग त्यांना यापूर्वी क्वचितच आला असेल.

गुडघ्यांविषयी भीती घालणारे पुष्कळ भेटतात. निरोगी गुडघा पूर्ण वाकल्याने बिघडत नाही. तो वाकण्यासाठीच घडविलेला आहे, आणि उकिडवे बसणाऱ्या देशात तरी हे वेगळे सांगावे लागू नये. भार एकाएकी वाढविल्याने तो बिघडू शकतो. स्नायूची जळजळ आणि सांध्याची कळ यांतला फरक ज्याचा त्याला कळतो. कळ आली तर खोली कमी करावी, आणि ती राहिलीच तर डॉक्टरांना दाखवावे.

बैठकीने सर्व पाय बनतो हा समज मात्र सोडून दिला पाहिजे. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दहा आठवडे पूर्ण खोल बैठका करविल्या. मांडीचा पुढचा भाग, आतला भाग व नितंब भरले. मांडीच्या मागचे स्नायू होते तसेच राहिले. कारण यांत्रिक आहे. हे मागचे स्नायू कंबरेचा आणि गुडघ्याचा असे दोन्ही सांधे ओलांडून जातात. बैठकीत एका टोकाला ते जितके ताणले जातात जवळपास तितकेच दुसऱ्या टोकाला सैल पडतात. त्यांच्यासाठी निराळी तजवीज हवी, आणि ती गुळगुळीत फरशीवर होते. उताणे निजावे, टाचांखाली ओला नसलेला एक सुती पंचा घडी करून ठेवावा, कंबर उचलावी, आणि टाचा सावकाश दूर सरकवीत पाय जवळजवळ सरळ करावे. मग कंबर खाली न टेकविता टाचा परत ओढून घ्याव्या. करून पाहिल्यावाचून याचा कठीणपणा कळणार नाही. पहिल्या आठवड्यात दूर सरकविणे एवढेच करावे आणि कंबर टेकवून परत यावे. ज्यांचे पाय बरेच बनले आहेत त्यांनी खाटेच्या आडव्या पट्टीखाली घोटे अडकवून गुडघ्यांवर उभे राहावे आणि सर्व देह सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकावे. समोर हात टेकण्यास उशी असावी.

पोटरीसाठी जिन्याची पायरी पुरे. पाऊल पुढच्या चवड्यावर ठेवून टाच पायरीच्या पातळीखाली पूर्ण उतरू द्यावी, तेथे थांबावे, आणि मग जितके उंच जाता येईल तितके जावे. एका वेळी एकच पाय. बहुतेक लोक मधल्या मध्ये उसळ्या मारतात व पोटरी वाढत नाही म्हणून वंशाला दोष देतात. पोटरीच्या ठेवणीत वंशाचा भाग आहेच, पण उसळ्यांचाही आहे.

हे सर्व आठवड्यातून किती वेळा? दोन वेळा, फार तर तीन. प्रत्येक प्रकाराच्या तीन-चार फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन-अडीच मिनिटांची विश्रांती. तालमीच्या नित्यनेमाशी हे विसंगत वाटेल. परंतु खरोखर थकलेला स्नायू पुढचे एक-दोन दिवस आपली डागडुजी करीत असतो, आणि वाढ त्या काळात होते. उरलेल्या दिवशी चालावे, सूर्यनमस्कार घालावे.

आता दुसरा पदार्थ, साक्षीदार. घरच्या व्यायामात भाराची उणीव युक्तीने भरून निघते; साक्षीदाराची उणीव अधिक कठीण आहे. एकटा माणूस स्वतःशी लबाडी करतो असे नव्हे, पण स्वतःला सवलत देतो. बैठक चार बोटे वर थांबते, चार अंकांची गणती अडीचवर येते, आणि शेवटच्या तीन बैठका, ज्यांच्यासाठी आधीच्या सर्व होत्या, त्या उद्यावर जातात. वस्तादांची नजर त्या तिहींवर असे. तेव्हा शेवटच्या बैठका ओळखावयाच्या कशा, हे एकट्याने शिकले पाहिजे. खूण अशी : उठण्याची गती, आपण जोर तोच लावीत असताना, आपोआप मंदावते. चेहरा आवळतो. तेथून पुढे बहुधा दोन-तीनच शक्य असतात. गती मंद होण्यापूर्वी थांबलेल्या फेरीने अंग गरम होते. मांडी वाढत नाही. दर फेरीला अगदी कोसळेपर्यंत जावयाचेही कारण नाही. खोलीची लबाडी टाळावयास एक लाकडी पाट ठेवावा व दर वेळी त्याला स्पर्श झाल्यावाचून वर येऊ नये. पाट सवलत देत नाही.

आणि एक वही ठेवावी. आमच्या कचेरीतली जुनी रीत अशी की जे नस्तीवर नाही ते घडलेच नाही. या रीतीचा मला नोकरीत अनेकदा उबग आला आहे, पण व्यायामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तारीख, प्रकार, भार, प्रत्येक पायाचा आकडा, एवढेच लिहावे. डावा आणि उजवा निराळा लिहावा, कारण बहुतेकांचा एक पाय दुबळा असतो आणि दोन पायांच्या बैठकीत तो आपले काम गुपचूप दुसऱ्यावर ढकलीत असतो. फेरीची सुरुवात दुबळ्या पायाने करावी, आणि बलवान पायाला तेवढेच काम द्यावे. मागच्या वेळी डाव्या पायाने अकरा झाल्या असे वहीत दिसले की आज बाराव्या बैठकीला कोणी तरी बोलावीत आहे असे वाटू लागते. तीन आठवडे आकडा हलला नाही तर एक आठवडा काम निम्म्यावर आणावे. पुष्कळदा तो नंतर हलतो.

एकटेपणाची आणखी एक व्यवहारी बाजू आहे. व्यायाम करताना दाराला आतून कडी घालू नये. खांद्यावर असे वजन घेऊ नये की जे टाकून देता येणार नाही. श्वास कोंडून जोर करू नये, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी. आणि हृदयाचा विकार असेल त्याने प्रारंभच डॉक्टरांना विचारून करावा.

अन्नाविषयी थोडेच सांगतो, कारण त्यावर आज बोलणारे उदंड आहेत. सामान्य प्रौढास शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने असावी, असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे मान आहे. स्नायू वाढविणाऱ्यास १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो असे अनेक प्रयोगांच्या एकत्र अभ्यासातून दिसले आहे. सत्तर किलोच्या शाकाहारी माणसास या दुसऱ्या आकड्याजवळ पोहोचणे सोपे नाही. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम, अर्धा लिटर दुधात सोळाच्या आसपास. तेव्हा आमटीचे पाणी व भाताचा डोंगर हे प्रमाण उलटे करून मटकीची उसळ, पिठले, दही यांना ताटात मोठी जागा द्यावी. अंडी चालत असतील त्यांचे काम बरेच हलके होते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

वय झाले, आता काय मांस चढणार, असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात झालेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त वृद्धांना तेथे आठ आठवडे मांडीचा व्यायाम, आणि तोही जड भाराचा, देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटींहून अधिक झाली आणि मांडीच्या स्नायूचे आडव्या छेदातले क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. दोघांनी काठी टाकून दिली. चाळिशीतल्या कारकुनाने वयाची सबब सांगण्यापूर्वी त्या दोन काठ्या आठवाव्या.

फळ केव्हा दिसते, हा शेवटचा प्रश्न. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडे भराभर वाढतात, पण ती मुख्यतः मज्जातंतूंची करामत असते. असलेला स्नायू अधिक चांगला वापरावयास शरीर शिकते. मांडीचा घेर त्यानंतर हलू लागतो. शिंप्याची फीत घ्यावी, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटरवर खूण करावी, आणि महिन्यातून एकदाच, सकाळी, व्यायामापूर्वी, उभे राहून मोजावे. दोन्ही मांड्या मोजाव्या. दहा आठवड्यांत एक-दीड सेंटिमीटर आला तर उत्तम चालले आहे असे समजावे, आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.